बंद केलेली दुपारची नळी

मित्रांनो, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं हे धूड म्हणजे मी. नवी मुलं येतात, मला पाहून कोणी मत्स्यालय म्हणतं, कोणी बिघडलेला गीझर. म्हणोत बापडी! मी एका शहराचा जुना नमुना आहे, पाण्यावर चालणारा. बाई मला मॉडेल म्हणायच्या. व्यवस्थापन शिकवणाऱ्या या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या याच वर्गात माझं सगळं आयुष्य गेलं.

मला घडवलं दोघांनी. डोकं बाईंचं, हात प्लंबरकाकांचे. शहरात एक गोष्ट बदलली की दुसरीकडे काय होतं, हे बाई फळ्यावर बाण काढून शिकवायच्या. पण मुलांच्या डोक्यात काही शिरेना. म्हणून सव्वा महिना दोघं माझ्यासाठी राबली. लाकडी चौकट, काचेच्या टाक्या, रबरी नळ्या, पितळी तोट्या आणि खाली एक कुरकुरणारा पंप. टाक्या म्हणजे वस्त्या, बाजार, कारखाने. नळ्या म्हणजे बस. त्यांतून वाहणारं लाल पाणी म्हणजे माणसं. "आजवर घरांत पाणी सोडलं, आता पाण्यात घरं बसवतोय," काका हसून म्हणायचे.

बाईंचा पहिला धडा ठरलेला असे. "हे शहर नाही. हे शहराबद्दलचं माझं मत आहे, आणि मत चुकू शकतं." मला याचा भारी राग यायचा. माझ्यात थेंबभर गळती नाही, मग मी चुकेन कसा?

एके दिवशी बस विभागाचे साहेब आले. टेकडीपलीकडच्या वस्तीला दुपारी साडेबाराची बस जायची, तिच्यात जेमतेम सात-आठ डोकी. ती बंद करून बाजाराच्या रस्त्यावर फिरवली तर? बाईंनी दुपारच्या नळीची तोटी आवळली आणि पाणी बाजाराकडे वळवलं. तिथलं साचलेलं पाणी भराभर उतरलं. वस्तीची सकाळची नळी मात्र पूर्वीसारखीच भरून वाहत राहिली. कोणाचं काही बिघडलं नाही!

साहेबांनी टाळ्याच वाजवल्या. "डोळ्यांनी दिसतंय की! आता कोणाला विचारायची गरजच नाही."

खोटं कशाला बोलू, मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा फुगलो. त्या वेळी झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्या पंपाखाली सांडलेलं पाणी पुसत होत्या. त्या वस्तीतूनच यायच्या. फडकं पिळता पिळता त्या म्हणाल्या, "बाई, दुपारची बस नसली तर मी सकाळी येऊ कशी? सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एक वाजता त्यांना घास भरवायला मीच लागते."

"आत्ता नको मावशी, नंतर बोलू," बाई म्हणाल्या. साहेब चहाला थांबले होते ना! ते नंतरचं बोलणं राहूनच गेलं.

बस बंद झाली. पहिले दोन आठवडे सकाळची बस तशीच खच्चून भरून येत होती. साहेबांचं आभाराचं पत्र बाईंनी काच लावून भिंतीवर टांगलं. मावशी दुपारी पदर खोचून टेकडी चढत, धापा टाकत घर गाठत. तिसऱ्या आठवड्यात सकाळची बस विरळ होऊ लागली. शिवणाच्या कारखान्यातल्या बायका एकेक करून काम सोडत होत्या. आणि एका सकाळी मावशींनी किल्ल्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. "काल पोचायला उशीर झाला. सासूबाई पलंगावरून खाली पडलेल्या होत्या. नाही जमत आता."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की, बाई."

त्या दिवशी बाईंनी तास घेतला नाही. काकांना बोलावलं, दोघं माझ्यासमोर बसली. काकांनी नळ्यांवरून बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला. "सकाळची नळी वेगळी, दुपारची वेगळी? अहो, जाणारी आणि परतणारी माणसं तीच ना! परतीची सोय नाही तर जाईल कोण?"

इतकी साधी गोष्ट! मलाही ती कधी सुचली नव्हती. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. काकांनी माझ्यात एक तरंगता गोळा बसवला. आता दुपारची नळी आटली की सकाळची तोटी आवळली जायची, पण अगदी सावकाश. कारण माणसं लगेच हार मानत नाहीत, जमेल तितके दिवस रेटतात. हा उशीर बाईंच्या हिशेबात नव्हता.

साहेब कुरकुरले. "पण मॉडेल तुमचंच होतं ना?"

"माझंच. चूकही माझीच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीवरचं पत्र उतरवलं. दोन महिने हेलपाटे घातल्यावर बस पुन्हा सुरू झाली. पहिल्याच दुपारी बाई तीच बस धरून मावशींकडे गेल्या. पण कॉलेजने मावशींच्या जागी झाडलोटीला दुसरी कामवाली ठेवली होती. तिलाही संसार होता, तिला काढायचं कसं? दुसऱ्या दिवशी बाईंनी हे सगळं वर्गात सांगितलं. मावशी दारातून एवढंच म्हणाल्या होत्या, "बस आली हे बरं झालं. बाकीच्या तरी जातील कामाला."

पुढे बाई निवृत्त झाल्या, काकाही थकले. आता शहरं पडद्यावर चालतात, मला कोणी विचारत नाही. तक्रार नाही माझी. पण मित्रांनो, मला भंगारात टाकू नका. माझ्यावरून फडकं फिरवा, तोट्यांना तेल द्या, आणि मी कुठे चुकलो ते पुढच्या मुलांना दाखवत राहा. पडद्यावरचं असो की काचेतलं, कोणतंही शहर खरं मानण्याआधी त्यात राहणाऱ्यांशी बोला. माझ्या टाकीतलं पाणी खाली गेलं की पंप ते पुन्हा वर चढवतो. मावशींचं गेलेलं काम परत आणणारा पंप मात्र काकांनाही बनवता आला नाही.