पांढऱ्या काट्याची फुलं

डिंप्ना कॉन्सिडाईनने किलवारच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढ्या काळात गावातली निम्मी भुतं बेघर केली. आपल्या आजीला विहिरीपाशी पांढरी बाई दिसली असं एखाद्या पोराने सांगितलं, की डिंप्ना चष्म्यावरून बघत एवढंच विचारायची, "पुरावा?" पोरगं बाकावर बसायचं आणि बाई पुन्हा दिसायची नाही.

तरीही तिच्या स्वतःच्या शेताच्या मधोमध पांढऱ्या काट्याचं एक झाड एकटंच उभं होतं आणि गवत कापायचं मशीन दर वर्षी त्याला वळसा घालून जायचं. झाड 'त्यांचं' होतं. 'ते' म्हणजे जमिनीखालची अदृश्य माणसं, हे क्लेअर परगण्यात कुणी उघड बोलत नाही. फार तर 'ती भली माणसं' म्हणतात, आणि तेही हळू. झाड का ठेवलंय असं डिंप्नाला विचारलं तर ती म्हणायची, "मुळं खोल गेलीत. उपटायला गेलं तर मशीन मोडेल." विज्ञानाला धरूनच होतं ते.

तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला आणि जाताना आपला बाप तिच्या गळ्यात टाकून गेला. म्हातारा मर्टी आता त्र्याण्णव वर्षांचा होता. वरच्या खोलीत पडून असायचा. फादरनी त्याला चार वेळा मरणाआधीचं शेवटचं तेल लावलं होतं आणि चारही वेळा दुसऱ्या सकाळी त्याने उकडलेलं अंडं मागितलं होतं. डिंप्नाची बहीण टास्मानियात होती. तिच्याकडे जायचं म्हणून डिंप्नाने पासपोर्ट काढला आणि त्याची दहा वर्षांची मुदत कोऱ्या पानांनिशी संपली. म्हाताऱ्याचं सगळं ती करत होती, नीट करत होती, आणि कुणी "तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं" म्हटलं की तिला ते भाग्य उचलून त्या माणसाच्याच दारात ठेवावंसं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तिचा मुलगा टर्लॉ डब्लिनहून आपली होणारी बायको दाखवायला घेऊन आला. मुलीचं नाव सॉर्चा. गाडीतून उतरल्या उतरल्या ती शेत बघायला म्हणून गेली आणि परत आली ती कवेत न मावणारी पांढरी फुलं घेऊन. स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन हसत उभी राहिली.

"मिसेस कॉन्सिडाईन, तुमच्यासाठी! त्या मधल्या झाडाची. काय बहरलंय हो!"

टर्लॉच्या हातातला कप बशीवर वाजला. पांढऱ्या काट्याचं फूल घरात आणलं की घरातलं माणूस जातं, हे क्लेअरमधल्या पोराला चालायच्या आधी कळतं. डब्लिनमध्ये शिकवत नसावेत.

"अगं, कशाला एवढा त्रास घेतलास," डिंप्ना म्हणाली. पाहुणीला पहिल्याच भेटीत दुसरं काय म्हणणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"त्रास कसला! हॉथॉर्न, म्हणजे हा पांढरा काटा, माझंच झाड आहे. तेरा मे ते नऊ जूनमध्ये जन्मलेल्यांचं. आपल्या पूर्वजांच्या झाडांच्या कॅलेंडरप्रमाणे. त्यात तेरा महिने असतात, प्रत्येकाला एकेक झाड. हॉथॉर्न म्हणजे प्रेम, लग्न, घराचं रक्षण. तुमच्याकडे असेलच ना हे कॅलेंडर?"

"आमच्याकडे डेअरीचं आहे," डिंप्ना म्हणाली. "त्यात गाई असतात आणि महिने बाराच. दुष्काळात तेरावा कशाला?"

सॉर्चा खळखळून हसली. मुलगी चांगली होती, तीच तर पंचाईत होती. फुलांचा वास आता घरभर झाला होता, वरवर गोड आणि गोडाच्या खाली काहीतरी नासल्याचा. या वासामागचं कारण डिंप्नाला ठाऊक होतं. मांस कुजायला लागलं की जे द्रव्य सुटतं, तेच या फुलात असतं. पूर्वी मेलेलं माणूस दोन-तीन दिवस घरात ठेवत. लोकांनी नाकाने जोडला संबंध, संपलं. वर्गात हे तिने कितीदा तरी सांगितलं होतं. आपल्या स्वयंपाकघरात सांगायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

तेवढ्यात शेजारची ब्राईडी हेहिर सून बघायला म्हणून टार्ट घेऊन आली. उंबऱ्यात एक पाय टाकला, टेबलावर नजर गेली, आणि टाकलेला पाय तिने तसाच मागे घेतला.

"येते गं मी. चुलीवर दूध आहे."

"चूल काढून टाकून वीस वर्षं झाली तुला, ब्राईडी."

"मग तर बघायलाच हवं," असं म्हणून टार्ट खिडकीत ठेवून ती पळालीच.

या गडबडीत सॉर्चाने फुलं एका पाण्याच्या जगमध्ये घातली आणि "आजोबांना दाखवून येते" म्हणत जिना चढूनही गेली. दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने खाली आली. "किती गोड आहेत हो ते! म्हणाले, इथेच ठेव, मला दिसतील अशी."

ती हात धुवायला गेली तसा टर्लॉ आईच्या कानाशी आला.

"आई, काढ ती तिथून."

"का? कारण सांग."

"का ते तुला माहितीये."

"मला काहीच माहीत नाही. तुला काढायची असतील तर तू काढ, आणि बायकोला सांग कशासाठी काढलीस ते."

टर्लॉ इंजिनिअर होता. पूल बांधायचा. तो खिडकीत जाऊन टार्ट खाऊ लागला. पाच वाजता दोघं परत डब्लिनला निघाली. सॉर्चाने डिंप्नाला घट्ट मिठी मारली.

सहा वाजता डिंप्ना जेवणाचं ताट घेऊन वर गेली. खिडकीच्या कठड्यावर उन्हात तो जग होता. मर्टी उशीला टेकून बसला होता. त्याने फुलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फुलांकडे. एरवी सूप गार आहे म्हणून तरी बोलायचा.

ताट ठेवून ती खिडकीशी गेली आणि जगच्या कानाला तिने हात लावला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. उचलावा, तर एकतीस वर्षं पोरांना दटावलं ते कशासाठी? न उचलावा, तर बिघडतं काय? फुलंच तर आहेत. जी मानतच नाही, तिला उचलायचं कारण काय? आणि नेमकं तेव्हा, काही कारण नसताना, तिला टास्मानियाचं विमान डोळ्यांपुढे दिसलं. खिडकीजवळची जागा, खाली ढग, मांडीवर काही नाही, ना औषधाचा डबा, ना बेसिन. एवढंसंच दिसलं, पण दिसलं. तिने हात काढून घेतला.

"सूप गरम आहे तोवर प्या, बाबा," ती म्हणाली आणि दार लावून खाली आली. जिन्यावर तिने स्वतःला बजावलं की हे शुद्ध विज्ञान आहे.

सकाळी ती रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी उठली. वर गेली, दार उघडलं. पलंग रिकामा होता. मग खालून भांड्याचा आवाज आला.

मर्टी स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. बसत बसत, एकेक पायरी उतरत आला होता, विजारीच्या मागे धूळ लागली होती. पावाचा मोठा तुकडा कापून तो त्यावर लोणी थापत होता. गेल्या वर्षभरात इतका टवटवीत दिसला नव्हता.

"मेलो नाही," तो म्हणाला.

"दिसतंय. देवाची कृपा."

"अंधार पडेपर्यंत वाट बघत होतो, मास्तरीणबाई. म्हटलं, येशील आता, नेशील ती फुलं उचलून."

"मी असलं काही मानत नाही, बाबा. तुम्हाला माहीत आहे."

"आहे की. पण मी मानतो, हे तुलाही माहीत आहे."

डिंप्नाने किटली भरायला घेतली. पाणी वर येऊन तिच्या हातावरून वाहू लागलं तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"त्या पोरीला इथेच ठेव असं मीच म्हणालो," म्हातारा लोणी पसरत म्हणाला. "म्हटलं, बघू तरी, जास्त घाई कुणाला आहे. त्यांना, का तुला."

तिने नळ बंद केला. एखादं कारण सांगता आलं असतं, कारणं सांगण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण तिला रडू येत होतं आणि ती त्याच्याकडे वळून खरं तेच बोलली.

"मला घाई झाली होती, बाबा."

"मलाही," मर्टी म्हणाला, आणि त्याने पावाचा दुसरा तुकडा कापून तिच्यापुढे सरकवला.