प्रश्न विचारायचं काम

बेटावरच्या केयोन गावातल्या सॅमन माशांच्या कारखान्यात काटे काढण्याच्या कामात एदुलिया चिग्वायचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरकत्या पट्ट्यावरून माशाचा गुलाबी तुकडा पुढे आला की डाव्या हाताच्या बोटांनी ती काट्यांची रांग चाचपायची आणि उजव्या हातातल्या चिमट्यानं एकेक काटा अलगद उपटायची, मांसाला जराही चीर न पाडता. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. नव्या बायकांना तिच्याच शेजारी उभं करत. तिची नणंद ओतिलियाही तीन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली शिकली, पण शिकून तिनं फार काही उजेड पाडला नाही. ओतिलिया कामाला हळू आणि बोलायला त्याहून हळू. नवरा सोडून गेल्यापासून ती भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होती. एदुलिया तिच्याशी थोडी कीव करून आणि थोडा हुकूम सोडून वागे, आणि दोघींनाही त्याची सवय झाली होती.

त्यामुळे वाल्दिवियाच्या विद्यापीठातली ग्रासिएला बाई बेटावर आली तेव्हा पुढे काय होणार याबद्दल एदुलियाच्या मनात शंकाच नव्हती.

बाई कारखान्यातल्या बायकांचा अभ्यास करत होती. एकाच पट्ट्यावर सुरी चालवणाऱ्या पुरुषांना जास्त पगार आणि काटे काढणाऱ्या बायकांना कमी, असं का? कामाच्या एका पाळीत लघवीला किती वेळा सोडतात? हात कधी दुखायला लागतात, आणि दुखले तर त्या कुणाला सांगतात? हे सगळं तिला हवं होतं. पण ती फाटकाशी वही घेऊन उभी राहिली की बायका मान खाली घालून बसमध्ये चढत. कंत्राटं सहा-सहा महिन्यांची, परक्या बाईशी बोलताना दिसायची हौस कुणाला असणार? एदुलियानं मात्र तिला घरी आणलं. चुलीजवळच्या बाकावर बसवून डुकराच्या चरबीतले बटाट्याचे मिल्काओ गरम गरम वाढले आणि चार रविवार तिला सगळा कारखाना तोंडी फिरवून आणला. कुठला मुकादम कसा, कोण बाई पट्ट्यावर भोवळ येऊन पडली, कुणाच्या मनगटाला गाठ आली, काही म्हणून राखून ठेवलं नाही. राखून ठेवला तो फक्त स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठा. वर्षभर तो सकाळी आखडलेला असायचा आणि ओलं फडकं पिळताना कोपरापर्यंत कळ जायची. हे तिनं नवऱ्याला, एलेओदोरोलाही सांगितलेलं नव्हतं.

बाईला आता गावातलीच एक बाई हवी होती, घरोघर जाऊन बायकांशी बोलणारी. त्याचं मानधन होतं आणि गळ्यात घालायला विद्यापीठाचं ओळखपत्र मिळणार होतं. त्यावरच्या फोटोसाठी कुठला स्वेटर घालायचा हे एदुलियानं मनात ठरवूनही टाकलं. पाचव्या रविवारी बाई आली आणि म्हणाली की तिनं ओतिलियाला विचारलंय, आणि ती तयार आहे.

"ओतिलिया?" एदुलियाला आधी हसूच आलं. "ती तर तोंडच उघडत नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही फार छान सांगता. पण तिच्यासमोर बाकीच्या बायका सांगतात. मी दोघींनाही बघितलंय."

एदुलियानं राग मानला नाही असं दाखवलं आणि आणखी दोन मिल्काओ वाढले. बाई गेल्यावर उरलेले तिनं डुकरापुढे टाकले.

त्या दिवसापासून तिला नणंदेशिवाय दुसरं काही दिसेना. जेवणाच्या खोलीत बायका ओतिलियासाठी बाकावर सरकून जागा करत. "आमच्याकडे कधी येतेस गं?" असं तिला हळूच विचारत. ज्या रोसाल्बानं चौदा वर्षांत एदुलियाला घरचं अवाक्षर सांगितलं नव्हतं, ती ओतिलियापुढे तीन तास बसून रडली म्हणे. रविवारी ओतिलिया अंगणातून बाहेर पडली की एदुलिया खिडकीतून बघे, ती कुणाच्या दाराकडे वळते ते. परतल्यावर तिला टोमणा ठरलेला.

"काय प्राध्यापक बाई, आज कुणाची आतडी मोजून आलात?"

ओतिलिया कधी उलट बोलली नाही. एकदा ती आवाज टिपायचं यंत्र आणि वही घेऊन एदुलियाच्याच दारात आली. यादीत वहिनीचंही नाव आहे, वेळ असेल तर बसू या, म्हणाली. एदुलिया हात पुसत समोर बसली. वर्षं किती, तास किती, सुट्टी किती, सगळ्याची उत्तरं तिनं खटाखट दिली.

"हात दुखतो?"

"नाही."

"कधीच नाही?"

"माझा हात म्हणजे तुझा हात नव्हे."

मोरीवर न पिळताच टाकलेल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. ओतिलियानं तिकडे पाहिलं आणि वहीत 'नाही' लिहिलं.

मे महिन्यात कारखान्याला कुणकुण लागली की आतलंच कुणीतरी प्रश्न विचारत फिरतंय. कपडे बदलायच्या खोलीबाहेर मुकादम नोल्बेर्तोनं एदुलियाला गाठलं. जुनी आणि भरवशाची बाई म्हणून त्यानं तिलाच विचारलं. एदुलियानं केसांवरची जाळी काढली, ती घडी करत म्हणाली, "मला काय ठाऊक? मी रविवारी घरात असते. आमच्या ओतिलियाला विचारा, तीच हल्ली सगळ्यांकडे जाते."

एवढंच ती बोलली. मुकादमानं मान हलवली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी ओतिलियाला पट्ट्यावरून काढून ट्रे धुवायला लावलं. तिथं बर्फासारख्या पाण्यात आठ तास हात घालायचे. दोन महिन्यांनी तिचं कंत्राट संपलं, आणि नवं काही आलं नाही. तिची चुगली कुणी केली असेल यावर बायकांनी बरेच तर्क केले, पण वहिनीचं नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. मुकादमाशी बोलली त्या रात्री एदुलियाला शांत झोप लागली होती. पुढे कितीदा तरी तिला या झोपेचीच जास्त लाज वाटली.

पण घडलं भलतंच. ओतिलिया रिकामी झाल्याचं कळताच ग्रासिएला बाईनं तिला पूर्ण वेळ नेमलं. आता एक कारखाना नाही, तर बेटावरचे सात. ओतिलिया कास्त्रो शहराची बस पकडून पहाटे जाई आणि संध्याकाळी येई. तिच्या पायात नवे बूट आले आणि बोलण्यात कायद्याची कलमं आली. एलेओदोरो शिंपल्यांच्या होडीवरून परतला की आधी मागच्या दारी जाऊन बहिणीची चौकशी करी आणि जेवताना तिचंच कौतुक सांगत बसे. एदुलिया पुढ्यातला बटाटा बोटांनी कुस्करत राही. आपल्याच तोंडानं आपण तिला पट्ट्यावरून उचलून तिथं नेऊन बसवलं, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला सांगण्याची सोयही नव्हती.

मार्चमध्ये वस्तीच्या सभागृहात अहवाल वाचला गेला. तो ओतिलियानंच वाचला, अडखळत, बोट ठेवून. दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या बायकांपैकी बहुतेकींचे हात अधू झाले होते आणि त्यातल्या बहुतेकींनी ते लपवलं होतं. सुरी धरणाऱ्या पुरुषाला दुखलं तर ती दुखापत ठरायची, चिमटा धरणाऱ्या बाईला दुखलं तर ते वय ठरायचं. सभागृहात इतकी शांतता होती की चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. एदुलिया मागच्या रांगेत बसली होती. आपण बोलत असताना या बायका कधी एवढ्या गप्प बसल्या होत्या का, हे ती आठवून पाहत होती. कामगार निरीक्षक हजर होता. अभ्यासात ज्यांनी हात दुखतो असं सांगितलं त्यांची कास्त्रोच्या डॉक्टरकडून तपासणी होईल असं त्यानं कबूल केलं. एदुलियाच्या नावापुढे 'नाही' होतं.

हिवाळ्यात चिमटा तिच्या हातातून गळून पडायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग पाळीतून तीनदा. मुकादमानं तिच्या शेजारी एक नवी बाई आणून उभी केली, पण या वेळी शिकायला नाही, तिची जागा घ्यायला. तेव्हा एका संध्याकाळी ती अंगण ओलांडून मागच्या खोल्यांकडे गेली आणि उभ्या उभ्याच नणंदेला म्हणाली, "माझा हात दुखतो."

ओतिलियानं खुर्ची पुढे केली, कागद काढला, वरती नाव लिहिलं. उशिरा आलेल्या आणखी दोघींना घेतलंय, तुझंही होईल, मी सोबत येईन, म्हणाली. तिनं एखादा टोमणा मारला असता तर एदुलियाला सोपं गेलं असतं.

"नोल्बेर्तोला तुझं नाव मी सांगितलं होतं," एदुलिया म्हणाली.

ओतिलियाची पेन्सिल थांबली. "का?"

"तुला बोलावलं म्हणून. मला नाही बोलावलं म्हणून."

मग ओतिलियानं स्वतःचे हात टेबलावर उलटे करून ठेवले. "त्या ट्रेच्या पाण्यानं माझी बोटं दोन महिने फुगली होती. रात्री मी ती काखेत धरून बसायचे, अंगणापलीकडे तू होतीस. जा, वहिनी. आता जा."

पाच दिवस दारं बंद राहिली. एलेओदोरोनं दोन्हीकडे विचारलं आणि दोन्हीकडून काही मिळालं नाही. सहाव्या दिवशी एदुलियाच्या दाराखाली तपासणीच्या तारखेचा कागद सरकवलेला सापडला. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या तारखेला ती बसथांब्यावर ओतिलियाची वाट बघत राहिली, मग एकटीच बसमध्ये चढली.

दवाखान्याच्या बाकावर दुसऱ्या कारखान्यांतल्या बायका बसल्या होत्या. ओतिलियानं हे केलं, ओतिलियानं ते मिळवून दिलं, असं त्यांचं चाललेलं. एकीनं एदुलियाचं आडनाव ऐकून विचारलं की तुम्ही तिच्या कोण. "भावजय," एदुलियानं सांगितलं. केवढं नशीब, ती बाई म्हणाली. एदुलियाच्या छातीत मत्सराची तीच जुनी कळ उठली. एवढं सगळं होऊनही तो मेलेला नव्हता.

डॉक्टरनं अंगठा वाकवून पाहिला, हा कामामुळे झालेला आजार असं लिहून दिलं. सहा आठवडे रजा, आणि नंतर काटे काढायचं काम पुन्हा नाही. मुकादमाला ते मान्य करावं लागलं. एदुलियाला वजनकाट्यापाशी लेबलं लावायचं काम मिळालं, तेही बसून, जे इतक्या वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

कास्त्रोहून परतल्यावर ती स्वतःच्या घरात न जाता थेट मागच्या दाराशी गेली. ओतिलियानं दार उघडलं, पण बाजूला सरकली नाही. एदुलियानं डॉक्टरचा कागद पुढे केला. ओतिलियानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझा राग गेलेला नाही."

"माझा हेवाही गेलेला नाही," एदुलिया म्हणाली. "मी सोसत्येय."

ओतिलियानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि चुलीवरची किटली उतू जात होती म्हणून आत वळली. दार तिनं लावलं नाही. एदुलिया जराशी थांबली, मग पायातले चिखलाचे बूट काढून आत गेली.