मारेगावचं थान

नलूच्या साक्षगंधाला इहीणबाईनं मानाचं मिळालेलं लुगडं मोजलं, तिथून ही सारी पळापळ सुरू झाली.

मोजलं म्हणजे चारचौघींत घडी मोडून, कोपरापासून बोटापर्यंत हात लावून लावून मोजलं. कौसल्या तिचं नाव, नलूची होणारी सासू. मोजून झाल्यावर तिनं पदर नाकाला लावला अन् म्हणाली, "नऊवार म्हनतेत, पन आठातच सरलं. असन बा, तुमच्याइकडचा वार लहान असन."

बाया हसल्या. नलूच्या आईचा, मथुराबाईचा, कुंकवाचा हात तसाच वर राहिला. तिला लोकांनी आजवर जाडी म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, ते तिनं दागिन्यासारखं अंगावर घातलं होतं. पण आखूड कोणी म्हटलं नव्हतं.

"इहीनबाई," ती म्हणाली, "लग्नात अख्खं थान आनून टाकतो तुमच्या पुढ्यात. मोजत बसा म्हातारपनापर्यंत."

घरी आल्यावर बाबाराव, म्हणजे तिचा नवरा, बाजेवर आडवा झाला. तो बहुतेक वेळ बाजेवरच असे. बाजेची सुतळी त्याच्या अंगाच्या मापानं खोल गेली होती, दुसरं कोणी झोपलं तर त्याला टोचायचं.

"नलूची माय, थान म्हंजे कापडाचा अख्खा तागा," तो छताकडे पाहत म्हणाला. "आनशीन कुठून?"

"ते माझ्या तोंडातून निघालं, तं माझ्याच हातानं येईन. नाई आलं तं ते बाई माझ्या पोरीले जन्मभर आखूड घरची म्हनन. तुम्ही पडा."

बाबाराव आधीच पडलेला होता.

चार दिवसांनी उकंडा कोतवाल गावात डफडं वाजवत आला. "आयका होऽ. येत्या इतवारी यवतमाळात मारेथान हाय होऽ. सकाळच्या पारी यावं, नंबर घ्यावा. पह्यले येईन त्याचा मान होऽ."

मथुराबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं उकंडाला अंगणात बोलावलं. "काय हाय म्हनलं तू?"

"मारेथान."

"कायचं असते ते?"

उकंडालाही ठाऊक नव्हतं. पण कोतवालाला ठाऊक नाही म्हटलं तर मग डफडं कोणाच्या गळ्यात घालायचं? तो म्हणाला, "मोठ्या शहरात असते मावशी. मुंबईत तं दरसाल असते म्हनते. महाराष्ट्र झाला नं, आता आपल्याइकडंही आलं."

"सुती असते?"

उकंडानं डोकं खाजवलं. "सुतीच असन."

मथुराबाईनं हिशेब लावला. मारेथान म्हणजे मारेगावचं थान. मारेगाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं ती कधी गेली नव्हती, त्यामुळे तिथं काहीही निघत असू शकत होतं.

तिनं दिग्रसच्या अय्यूब टेलरकडून त्याचा लोखंडी गज मागून आणला. कापडवाले मोजताना हात आखडता घेतात, हे तिला कौसल्येनं नुकतंच शिकवलं होतं.

"काकी, गज परत आनजा," अय्यूब म्हणाला.

"नाई तं काय, भाजी करून खाऊ का?"

"तुमचा भरोसा नाई, काकी," अय्यूब सुईत दोरा ओवत म्हणाला.

इतवारच्या सकाळी दोघं यवतमाळच्या मैदानात उभी होती. थंडी मरणाची. बाबारावनं घोंगडी पांघरली होती अन् चेहरा असा केला होता की जणू त्यालाच विकायला आणलंय. टेबलामागं गळ्यात शिट्टी अडकवलेले एक मास्तर बसले होते. त्यांनी बाबारावचं नाव विचारलं, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, परत विचारलं, अन् छातीवर नंबराचं फडकं टाचून दिलं.

"पाहा, नंबरानं देऊन राह्यले," मथुराबाई म्हणाली. "शिस्त हाय."

मग तिची नजर बाकीच्यांवर गेली. वीस-पंचवीस जवान पोरं, अंगात नुसती बनियन अन् अर्धी चड्डी, थंडीत उड्या मारत होती.

"अरे देवा, कपडेच नाईत लेकरांपाशी," ती हळहळली. "म्हनून तं आले बिचारे थानाले."

रस्त्यावर दोन उंच बांबूंच्या मध्ये पांढरं कापड ताणून बांधलं होतं, त्यावर लाल रंगानं काहीबाही लिहिलेलं. मथुराबाईला अक्षरओळख नव्हती, पण कापडाची होती. तिनं खाली लोंबणारं टोक चिमटीत धरून चोळलं. "मादरपाट हाय. नमुना टांगला वाटते. माल बरा हाय."

तेवढ्यात बार झाला. बार झाला तशी सगळी चड्डीवाली पोरं रस्त्यानं सुसाट सुटली.

"पळा," मथुराबाई म्हणाली. "दुकान तिकडं हाय."

"नंबर हाय नं आपल्यापाशी. कायले पळाचं?"

"नंबर चाटता का मंग? माल सरल्यावर?"

"नलूची माय, मी पळत नसतो. लग्नातही नाई पळालो."

"तवा पळाले पाह्यजे होतं," मथुराबाई म्हणाली अन् तिनं गज वर केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो सरळ आहे की वाकडा, एवढंच तिला पाहायचं होतं. बाबारावनं घोंगडी टाकली अन् तो पळाला. तिनं घोंगडी उचलली, कासोटा कसला अन् ती मागं.

यवतमाळच्या लोकांना शर्यत पाहायची होती. त्यांना त्याहून चांगलं पाहायला मिळालं. पुढं धोतराचा सोगा धरून एक बुढा, मागं गज घेतलेली बाई.

"काय केलं हो त्यानं?" पानठेल्यावरून एकानं विचारलं.

"काहीच नाई केलं," मथुराबाई पळता पळता म्हणाली. "तेच तं."

गाव मागं पडलं. कोसभरातच चड्डीवाली पोरं दिसू लागली, कोणी कुशी धरून बसलेलं, कोणी बाभळीखाली ओकत. बाबाराव धापा टाकत होता, पण थांबत नव्हता. थांबला की मागून लोखंडाचा वास यायचा. पुढं पुढं दोघं पळणं सोडून चालू लागली, अन् चालणं काही नवीन नव्हतं. वाटेत एकानं लिंबू-साखरेचं पाणी दिलं. मथुराबाईनं ते पिऊन साखर कमी असल्याचं सांगितलं अन् बाबारावचा दुसरा पेला परत केला, म्हणजे तो तिथंच बसणार नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक डांबराचं पिंप दिसलं. पिंपापाशी निशाण घेतलेला माणूस. दुकान नाही, गाडी नाही, कापडाची चिंधी नाही.

"या पिंपाले फेरा मारा अन् वापस जा," तो माणूस म्हणाला.

मथुराबाईनं गज खाली टेकवला. सकाळपासून पहिल्यांदाच. आता नलूच्या लग्नात रिकाम्या हातानं उभं राहायचं, अन् समोर कौसल्या नाकाला पदर लावून.

"अन् आमचं थान?" ती म्हणाली. आवाज जरा बारीकच निघाला.

माणसानं कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याच्या लक्षात आलं. "तुमचं स्थान? तुमचं शेवटचं स्थान हाय, मावशी. तुमच्या मागं कोनीच नाई."

मथुराबाईचा चेहरा उजळला. ती नवऱ्याकडे वळली. "आयकलं का अजी? शेवटचं एक उरलं हाय. आपल्यासाठीच ठेवलं त्याईनं. चला."

परतीच्या वाटेवर गजाची गरजच पडली नाही. मथुराबाई पुढं अन् बाबाराव मागं. त्याला वाटलं, आता मागं राहिलो तर ही थान घेऊन एकटीच एस.टी.त बसेल.

मैदानात पोचली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. माणसं गेली होती, पहिल्या पोराचा चांदीचा कपही गेला होता. टेबलं उचलत होते, अन् दोन गडी बांबूवरून ते पांढरं कापड सोडून घडी घालत होते.

"थांबा," मथुराबाई म्हणाली. "ते आमचं हाय." अन् ती जमिनीवर बसून गजानं कापड मोजू लागली.

मास्तर धावत आले. बाबाराव शेवटच्या टेबलावर आडवा झाला होता, नंबरासकट. मास्तरांनी बाईला समजावलं की ही मॅरेथॉन आहे, म्हणजे पळायची शर्यत आहे.

"नुसतं पळाचं?"

"हो."

"पिंपापर्यंत जाचं अन् जिथून निघालो तिथंच वापस याचं?"

"हो, बाई."

मथुराबाईनं त्यांच्याकडे कीव करून पाहिलं. "अन् तुम्ही शिकेल-सवरेल मानूस."

मग ती उठली. "मास्तर, तुमच्या मानसानं रस्त्यावर उभं राहून सांगतलं. शेवटचं थान तुमचं. आता तोंड फिरवता?"

"त्यानं स्थान म्हटलं असेल. स्थान म्हणजे नंबर."

"मंग 'स' तुम्ही ठेवा," मथुराबाई म्हणाली. "थान मले द्या."

बाजूला शर्यतीचा खर्च करणारे शेठ बसले होते, ते हसता हसता खुर्चीतून पडायचे राहिले. ते म्हणाले, "देऊन टाका, मास्तर. निम्मी पोरं बैलगाडीत बसून परत आली. ही दोघं पायांनी आली."

लग्नात थान घडी घालून, अक्षरं आत करून, कौसल्येच्या पुढ्यात पडलं. मथुराबाईनं वर गजही दिला. "मोजा." कौसल्येनं मोजलं. मोजता मोजता तिची बोटं दुखली. नलू मांडवातून ताठ मानेनं गेली.

कापड शिवायला अय्यूबकडेच आलं. अय्यूबला उर्दू येत होती, मराठी वाचता येत नव्हतं. लाल नक्षी त्याला आवडली, ती त्यानं जिथं नीट दिसेल तिथं बसवली. कौसल्येचा नवरा नागोराव नवा पायजमा घालून दिग्रसच्या बाजारात गेला अन् माणसं त्याच्या मागून हात जोडत चालू लागली. त्याच्या बसायच्या जागेवर ठसठशीत लिहिलं होतं, 'सर्वांचे स्वागत'.

रंग पक्का होता. कितीही धुतला तरी स्वागत जाईना.

पुढच्या साली मारेथानासाठी उकंडाचं डफडं पुन्हा वाजलं. त्याच दुपारी कौसल्या मथुराबाईच्या दारात उभी. बसली, पाणी प्याली, नलूची ख्यालीखुशाली सांगितली, अन् मग पदराशी खेळत म्हणाली, "इहीनबाई, तिथं कोरं थान नाई भेटत का? बिनअक्षराचं?"

मथुराबाईनं क्षणभर विचार केला. खरं सांगायला तिला काही हरकत नव्हती, पण घाईही नव्हती.

"पह्यला येईन त्याले कोरं भेटत असन," ती म्हणाली. "आमी शेवटचे होतो."

मग ती आत गेली अन् अय्यूबचा गज घेऊन आली.

"हे घ्या. नागोराव इवाईबुवाले पुढं ठेवा अन् हे मागून धरा. मोजाचं कामच पडत नाई."

बाजेवर बाबारावनं हळूच पाय पोटाशी घेतले अन् भिंतीकडे तोंड केलं.