डाव्या कोपऱ्यातली ओळ

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण पांढरा आता फक्त म्हणायला. सास्काटूनच्या हार्वेस्टर्स संघाच्या मैदानाखाली मुख्य कोचची खोली आहे. त्या खोलीच्या भिंतीवर मी एकवीस वर्षं टांगलेला फळा आहे. लाल, निळ्या, हिरव्या पेनांनी माझ्यावर इतके बाण आणि गोल काढले आणि पुसले गेले, की माझा रंग आता पाणी घातलेल्या दुधासारखा झाला आहे.

मला इथे टांगलं ते ओरेस्टने. ओरेस्ट म्हणजे संघाच्या सामानाचा माणूस. हेल्मेटं, बूट, चेंडू, सगळं त्याच्या ताब्यात. आणि माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं ते लॉर्नने. लॉर्न तेव्हा कोच होता. साठीचा, पोट सुटलेला, शिवीशिवाय वाक्य न संपवणारा. एका दुपारी त्याने माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलं: 'एक पॉइंटही पॉइंटच असतो. उगाच ऐट नको.'

आमच्या कॅनडाच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरूनही पळतात, एकमेकांकडे फेकतात आणि लाथही मारतात; समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत तो आपल्या हातात आला की सहा पॉइंट. लाथाडलेला चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीत गेला आणि त्यांना तो बाहेर काढता आला नाही, तर आपल्याला एक पॉइंट मिळतो. दक्षिणेकडचे अमेरिकन या पॉइंटला हसतात. लॉर्नने त्याच एका पॉइंटवर दोन वेळा कप आणला होता.

संध्याकाळी तो पुसायला गेला तर ती ओळ निघेना.

"ओरेस्ट! कसलं पेन दिलंस रे गाढवा?"

"ते हेल्मेटांवर नावं घालायचं पेन आहे. तू न विचारता उचललंस, त्याला मी काय करू?"

"जाऊ दे. राहू दे तशीच. निदान तुला तरी वाचता येईल."

तेव्हापासून ती ओळ माझ्या अंगावर आहे. माझ्या आयुष्यात टिकलेलं तेवढं एकच. लॉर्न गेल्यावर जे नवे कोच नेमले गेले, त्यांची तुलना वर्तमानपत्रं आपल्या पद्धतीने करत आली आणि मी माझ्या पद्धतीने. पहिल्या दिवशी कोण त्या ओळीचं काय करतो, एवढंच मी बघतो. एकाने ती दारू ओतून घासली, आणि तरी निघाली नाही म्हणून माझ्यावरच चिडला. एक अमेरिकेहून आलेला हसत सुटला, "एका पॉइंटसाठी कोण मरतं?" तो दीड मोसमात गेला. एकाने तिच्यापुढे कचऱ्याचा डबा ठेवला. दोघांनी बघितलीच नाही. सगळ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी माझ्या मधोमध 'आपण एक कुटुंब' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी अशी पाच कुटुंबं ओल्या फडक्याने पुसली जाताना पाहिली आहेत.

मग गार्थ आला.

त्याला नेमलं त्या दिवशी बाहेर उणे तीस होतं आणि त्याच्या भुवयांवर बर्फ होता. गार्थ इथलाच, तासाभरावरच्या रोझटाउनचा. लॉर्नच्या संघात तो लाथ मारणारा खेळाडू होता. आत आल्या आल्या तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि ती ओळ बोटाने वाचू लागला.

"अजून आहे ही?"

"तुझीच वाट बघत होती," ओरेस्ट म्हणाला. "कुटुंब-बिटुंब लिहिणार नाहीस ना?"

"माझं एक आहे घरी. तेच सांभाळता येत नाही."

मी खूश झालो, हे कबूल करतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपला माणूस आला.

त्याचं कुटुंब म्हणजे बायको आणि टेस नावाची पंधरा वर्षांची मुलगी. बापाच्या नोकऱ्यांपायी टेसच्या सात शाळा झाल्या होत्या. दर गुरुवारी ती शाळेतून थेट खोलीत यायची, ओरेस्टच्या बायकोने पाठवलेल्या बटाटा भरलेल्या पिरोगी खायची आणि माझ्या उजव्या कडेला गणितं सोडवायची. लिहिण्याआधी विचारायची, "बाबा, इथलं पुसू का?" मला हात लावण्यापूर्वी विचारणारी ती एकटीच.

एका गुरुवारी ती पाठ फिरवून लिहिता लिहिता म्हणाली, "इथून तरी हलायचं नाही हं. मला या वेळी मैत्रिणी मिळाल्यात."

"तुझी बारावी होईपर्यंत नाही. शब्द देतो."

"मागच्या वेळीही दिला होतास."

"मागच्या वेळी मी मुख्य कोच नव्हतो."

आता शब्द पाळायचा तर नोकरी टिकायला हवी. संघाच्या मालकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, बाद फेरीत गेलात तर राहाल.

त्या वर्षी लीगमध्ये तीन नवे कोच नेमले गेले होते. हॅलिफॅक्सने अमेरिकेतला नावाजलेला ब्रॅक्स्टन आणला होता, इथल्याच ऑन्टेरिओ प्रांतातल्या लंडनने एक तरुण, आणि आमचा गार्थ. मोसम सुरू होण्याआधी इथल्या वर्तमानपत्रात टॅल्बट नावाच्या लेखकाने तिघांचा तक्ता छापला. अनुभव, डावपेच, धाडस, प्रत्येकाला दहापैकी आकडे. धाडसात ब्रॅक्स्टनला नऊ, लंडनच्या पोराला सात, गार्थला चार. खाली लिहिलं होतं, 'हा माणूस जिंकण्यापेक्षा न हरण्यासाठी खेळेल.'

गार्थने तो तक्ता कापला. मला वाटलं, टोपलीत टाकेल. त्याने चिकटपट्टीचे चार तुकडे तोडले आणि कागद माझ्या डाव्या कोपऱ्यात चिकटवला, बरोबर त्या ओळीवर.

"तिथे कशाला?" ओरेस्टने विचारलं.

"टेबलावरून तेवढाच कोपरा समोर दिसतो. रोज वाचीन म्हणजे चीड येईल."

"कुणाची?"

गार्थने चारही कोपरे अंगठ्याने दाबले. ओरेस्टने काही सांगायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तो बाहेर गेला. आणि मी? मी त्या कागदाखाली घुसमटलो. वारा आला की त्याची कड जराशी उचलायची, मला आशा वाटायची, आणि गार्थ अंगठ्याने ती पुन्हा दाबून बसवायचा.

जून, जुलै, ऑगस्ट. तो रोज कॉफी घेऊन बसायचा आणि आधी तो तक्ता वाचायचा. हॅलिफॅक्स जिंकलं की म्हणायचा, "बघा, नऊ." आपण एका पॉइंटने जिंकलो तर, "बघा, चार." अहो, जिंकलो होतो आपण! पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा नाही. तो त्याच्या परीने उत्तम कोच होता. पोरं त्याच्यासाठी जीव टाकत होती. हे त्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याला ते दिसत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण फळ्याला ओरडता येत नाही. त्याच्यावर दुसरे लिहितील तेच तो सांगतो.

नोव्हेंबरात मोसमाचा शेवटचा सामना हॅलिफॅक्सशी, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर आमचं गाडं अडणार, जिंकलो तर आम्ही बाद फेरीत. मी मैदान बघू शकत नाही. शेजारच्या खोलीत ओरेस्टचा रेडिओ चालू होता आणि छतातून वीस हजार बुटांचा आवाज येत होता.

चोवीस-चोवीस. आठ सेकंद बाकी. चेंडू आमच्याकडे, समोरच्यांच्या शेवटच्या पट्टीपासून पंचेचाळीस यार्डांवर, वारा पाठीशी. आमचा लाथ मारणारा पोरगा त्या दिवशी साठ-साठ यार्ड मारत होता. चेंडू दोन खांबांमधून जाऊन गोल झाला तर तीन पॉइंट. चुकला तरी चेंडू पट्टीच्या पार जाणार, म्हणजे एक. एक पुरे होता! माझ्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं ते!

"लाथ मार, गार्थ," ओरेस्ट रेडिओला म्हणाला. "देवा, लाथ मारायला सांग त्याला."

रेडिओवरचा माणूस किंचाळला, "अरे, हे लांब फेकतायत! सहा पॉइंटांसाठी जातायत! काय धाडस आहे!" पुढच्याच श्वासात तो म्हणाला, "हॅलिफॅक्सने पकडला."

तो चेंडू घेऊन हॅलिफॅक्सचा खेळाडू सरळ आमच्या टोकापर्यंत पळत गेला. छतावरचे बूट एकदम थांबले. ओरेस्टने रेडिओ बंद केला, आणि मला त्या क्षणी खिळ्यांवरून खाली पडून फुटावंसं वाटलं.

तीन दिवसांनी गार्थ खोकं घेऊन आला. बरोबर टेस होती. त्याने टेबल रिकामं केलं आणि शेवटी माझ्यावरचा तो कागद ओढला. चिकटपट्टीबरोबर माझा थोडा थर निघाला, पण ओळ तशीच होती.

"मला पाठ होती ही," तो म्हणाला. "लॉर्नच्या अंत्यविधीला मी हीच म्हणून दाखवली होती."

"मग?" ओरेस्टने विचारलं.

"आठ सेकंद होती, ओरेस्ट. मला मैदान दिसलंच नाही. तो चारचा आकडा दिसत होता."

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मी ऐकलं नसतं."

टेस माझ्या उजव्या कडेला उभी होती. तिचं गुरुवारचं गणित अर्धंच राहिलं होतं. "आता कुठलं गाव?" तिने विचारलं. गार्थने खोक्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग तिने फडकं घेतलं आणि ते गणित स्वतःच पुसलं. या वेळी तिने कुणाला विचारलं नाही.

डिसेंबरात सहावं कुटुंब माझ्या मधोमध लिहिलं गेलं. नवा कोच हसरा आहे, मनाने चांगला वाटतो. काल टॅल्बटचा नवा तक्ता आला: या वर्षी चार नवे कोच, धाडसात आमच्याला पाच. त्याने कागद कापला. चिकटपट्टीच्या जुन्या खुणांनी माझ्या कोपऱ्यात चौकोन आखलेलाच आहे. ओरेस्ट दारात होता. या वेळी तो म्हणाला, "कोच, तिथे नको लावू." कोच हसला आणि म्हणाला, "अरे, गंमत म्हणून." आता चौथा तुकडाही लागला आहे.

मित्रांनो, मला तोंड नाही, हात नाही. माझ्याच अंगावर लिहिलेलं मी कुणाला दाखवू शकत नाही. तुमच्या घरीही कुणीतरी दोन नावं शेजारी शेजारी मांडून आकडे लिहील, आणि तुमच्या जवळचा माणूस तो कागद रोज वाचू लागेल. तेव्हा एकदा सांगून गप्प बसू नका. तुम्हाला हात आहेत. तो कागद काढा.