मासिनाच्या दंडावरचा आकडा

बिघडलोय म्हणतात मला. म्हणू देत. मी रक्तदाब मोजायचा पट्टा बोलतोय, सामोआतल्या सवाई बेटावरच्या एका गावाच्या महिला समितीचा.

कारखाना आठवत नाही. आठवतं ते समितीचं बिनभिंतींचं घर. दर गुरुवारी बायका मांडी घालून बसायच्या, मला एकेकीच्या दंडावर गुंडाळायच्या आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायच्या. ज्या घरचा आकडा चढा, त्या घराची गावात शोभा.

अध्यक्षा उपुतौआबाई. मासिना त्यांची धाकटी सून. बाईंच्या थोरल्या मुलाला सरदारकी मिळायची होती, त्या समारंभाची मानाची बारीक विणीची चटई मासिनानं विणायची. वर्षाचं काम, तिला दिले सहा महिने. इथंच बसून विणायची ती. सासूबाई समोर बसून ओळ न् ओळ तपासायच्या.

"ही वीण की मासे धरायचं जाळं? उसव!"

एका गुरुवारी मासिनाचा आकडा आला एकशे ब्याऐंशी.

"अगं बाई! रविवारी डब्यातलं खारं मांस किती हाणलंस?" बायका खिदळल्या.

"मीठ सोड," अध्यक्षांनी हुकूम दिला. सोडलं बिचारीनं. चटई कशी सोडणार?

मला दिसत होतं ते कुणी विचारलं नाही. रानडुक्कर अंगावर आलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, माणूस पळत सुटतो. डुक्कर गेलं की सगळं निवतं. मासिनाचं डुक्कर जातच नव्हतं, समोर बसून पंखा हलवत होतं. ताण टिकला की स्रवत राहणारं कॉर्टिसॉल महिनोन् महिने चढलेलं, आवळलेल्या वाहिन्यांना सैल पडायला उसंत नाही.

एकदा सगळ्या गेल्यावर तिनं मला एकटीनंच गुंडाळलं. एकशे अठ्ठावीस! ती हसली. तेवढ्यात सासूबाई आल्या. तिनं पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर.

"आई, बघा ना, तुम्ही आलात की चढतो."

"एका दंडाचे दोन आकडे? यंत्रच बिघडलंय मेलं!"

झालं! माझ्यावर 'बिघडलेलं' अशी चिठ्ठी चिकटवून मला इथल्याच कपाटात कोंबलं. खरं बोलल्याचं बक्षीस.

चटई समारंभाच्या तीन दिवस आधी पुरी झाली. कपाटातून मी ऐकलं. "आई, झाली बघा," मासिना म्हणाली आणि तिथंच कोसळली. हृदय बंद पडलं. एकेचाळीस वर्षांची होती.

मयतालाही मानाची चटई लागते. घरात तयार अशी एकच होती. बायका सांगत होत्या, उपुतौआबाईंनी ती स्वतः तिच्यावर पांघरली. वीण तपासली नाही.

बायांनो, उद्या कुणाचा आकडा चढला तर मिठाआधी विचारा, तिच्यासमोर कोण बसलंय. मला कोण विचारणार म्हणा!

परवा उपुतौआबाई एकट्याच आल्या. मला काढून स्वतःच्या दंडावर गुंडाळलं. एकशे शहाण्णव. पुन्हा मोजलं, तेवढाच. मग सुटत आलेली चिठ्ठी अंगठ्यानं घट्ट दाबली आणि कपाट लावून घेतलं.