गादी अण्णांची

हिरव्या दोऱ्याची गाठ बोटाला लागत होती – निकालाच्या नकलेला ओवलेला दोरा. चिंतामणीबुवा कोटाच्या खिशात हात घालून ती पुन्हा पुन्हा चाचपत होते... शहापूरच्या या देवळात रामनवमीचं कीर्तन करण्याचा हक्क वडिलांमागे त्यांचाच, असं बेळगावच्या कोर्टानं ठरवून दिलं होतं. आणि समोर चिपळ्या घेऊन उभा होता चुलतभाऊ उपेंद्र. सात वर्षं उभा होता, तसाच.

काल निकालाच्या बजावणीची दरखास्त द्यायला गेले, तर रघुवीर वकील चष्मा पुसत म्हणाले होते, कोर्टानं हक्क तुमचा म्हटलंय, त्याला उठवा म्हटलेलं नाही. नुसत्या ठरावाची बजावणी कशाची करणार? मी तेव्हाच म्हणत होतो, मनाई हुकूमही मागू. आता नवा दावा – तोही चालेलच असं नाही.

हो, म्हणत होते. मीच नको म्हटलं... देवाच्या दारात भावाला बेलिफ कसा आडवा घालायचा? हक्क कुणाचा, एवढं कोर्टानं वडीलधाऱ्यासारखं सांगावं, उपेंद्र आपण होऊन बाजूला होईल, असं वाटलं होतं. आता एकसष्टावं लागलंय. खोकला झाला की वरचे सूर महिना महिना येत नाहीत. नवा निकाल लागेल तेव्हा गायचं कशानं?

"बुवा, निकाल तुमच्या बाजूनं लागलाय न्हवं?" शेजारचा विणकर आण्णाप्पा कुजबुजला. "मग खाली का बसलायसा?"

बुवांनी कोटाचा खिसा वरून दाबून धरला.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे पुजाऱ्यानं उपेंद्रला बुक्का लावून हार घातला. तो हार उतरवून उपेंद्र थेट खाली आला, बुवांच्या गळ्यात घातला, वाकून पाया पडला.

"नारदाची गादी आमच्या या थोरल्या बंधूंची, अण्णांची, हे कोर्टानं सांगितलं. आम्हाला मान्य आहे," तो सभेकडे वळून गोड आवाजात म्हणाला. "आम्ही आपले नुसते उभे आहोत."

देऊळ हसलं. आण्णाप्पा हसला. बुवाही हसले – काय करणार...

उत्तररंगात कौसल्येच्या वेणा सुरू झाल्या. बारा वाजत आले. पाळण्यावर टाकायची फुलं मुठीमुठीत गरम झाली. उपेंद्रनं वरचा सूर लावला आणि आवाज जरासा, केसाएवढा, फाटला. कुणाला कळलं नाही. बुवांना कळलं. आतून कसं निवल्यासारखं झालं... रामा, अजून एकदा. पुढच्या ओळीत याहून वरचा सूर होता. त्याची वाट बघत त्यांनी डोळे मिटले; आणि सकाळपासून इकडेतिकडे धावणारं मन पहिल्यांदाच एका जागी स्थिर झालं.