रुवैदाचं रक्त

आपल्या लेकाचा रक्तगट बदलला, हे उम्म नायेफला कळलं तेव्हा आधी तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे आता तुझ्या अंगात रुवैदाचं रक्त?"

"तिच्या मूळपेशी माझ्या हाडांत रुजल्यात, यम्मा. रक्त तिथंच तयार होतं. म्हणून गट तिचा," नायेफ म्हणाला.

"अगं बाई! मग ती तुझी बहीणच झाली की रे! एका बाईचं दूध प्यायलेली पोरं भावंडं होतात, त्यांचं लग्न लागत नाही. दुधाला एवढा मान, मग रक्ताला नको?"

नायेफ इर्बिद शहरातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. आईची ही गफलत त्याला एका वाक्यात दूर करता आली असती. पण मास्तर गप्प बसले. त्यांना हेच हवं होतं ना!

रुवैदा त्याच्या सख्ख्या काकाची मुलगी आणि आजाराच्या आधीपासूनची ठरलेली नवरी. त्याला रक्ताचा कर्करोग झाला आणि भावंडांत कुणाच्याच पेशी जुळेनात, तेव्हा डॉक्टर हियाम यांनी चुलत, मामे, सगळी घरं तपासली. आपापसात लग्नं करणाऱ्या घरांत अशी जुळणी सापडते, आणि बाईंचं संशोधन त्यावरच चाललं होतं. जुळली ती नेमकी रुवैदा. तिने पेशी दिल्या, नायेफ वाचला, आणि तिथून त्याचं डोकं फिरलं. जेवायला बसला की कुणीतरी म्हणायचंच, "खा बाबा, रुवैदाच्या कृपेने चार घास जातायत पोटात." जिने जीव वाचवला तिच्याशी उद्या भांडायचं कसं? तिच्या हातचा मटणाचा मन्सफ खारट झाला, एवढं म्हणायची तरी सोय राहील का? त्यापेक्षा हे लग्नच नको, असं त्याला वाटायला लागलं. मूर्खपणा, दुसरं काय! पण "मला लग्न नको" असं सरळ सांगायला छाती लागते, ती याच्याकडे नव्हती.

काका भला माणूस. म्हणाला, "शंका आहे ना? मग मशिदीतल्या शेखना विचारून ये. ते म्हणतील ते मान्य." नायेफ निघाला, मशिदीच्या अलीकडच्या टपरीवर पुदिन्याचा चहा ढोसत बसला आणि घरी येऊन तोंड वर करून म्हणाला, "शेख म्हणाले, शंकेची गोष्ट टाळलेली बरी."

सोयरीक मोडली. वर लोकांनी आपली अक्कल पाजळली. हाडातला रस काढलेली पोरगी, ती पोटात पोर कसं वागवणार? खरं तर तिच्या हाडाला कुणी हातही लावला नव्हता. हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात घेतलं, पेशी वेचल्या आणि रक्त परत दिलं. हेही मास्तरांना ठाऊक होतं. तिला बघायला येतो म्हणालेली माणसं आलीच नाहीत, आणि हा वर्गात फळ्यावर पेशींची चित्रं काढत राहिला.

मग रोग उलटला. डॉक्टर हियाम म्हणाल्या, "तिच्याच पेशी पुन्हा लागतील, या वेळी रक्तातल्या पांढऱ्या. पण आधी मी तिच्याशी एकटीशी बोलणार. तिला नको असेल तर मी बाहेर एवढंच सांगेन की ती यासाठी चालत नाही. का, ते कुणी विचारायचं नाही."

नायेफला मनापासून वाटलं, तिने नाही म्हणावं. मरणाची भीती होतीच, पण तिच्यापुढे उभं राहायची लाज त्याहून मोठी होती.

रुवैदा हो म्हणाली. ठरल्या दिवशी ती यंत्राशेजारच्या खाटेवर बाही सरकवून बसली. नर्स सामान आणायला गेली तसा नायेफ आत शिरला.

"रुवैदा, मी तेव्हा शेखकडे गेलोच नव्हतो."

"माहीत आहे."

"काय?"

"मी गेले होते नंतर. शेख हसले. म्हणाले, पोरी, रक्त दिल्याने असं नातं लागत नाही, खुशाल लग्न करा. आणि नायेफ स्वतः का नाही आला, म्हणून विचारत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी नको म्हणून हा खोटं बोलला, असं सांगून माझ्याच तोंडाने माझी शोभा करून घेऊ?" तिने बाही आणखी वर सरकवली. "सरळ सांगायचंस ना रे. पेशी काही लग्नाच्या बोलीवर दिल्या नव्हत्या मी."

तो तसाच बाहेर आला. बाकावर आई आणि काका बसले होते.

"काका, शेख काहीच म्हणाले नव्हते. मी खोटं बोललो. मला लग्न नको होतं. रुवैदात काही खोट नाही, तिच्या हाडांना..."

आईने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप रे मेल्या! आत ऐकू जाईल! सुई लागायच्या आधीच उठून गेली म्हणजे?"

"काकू, हात काढा त्याच्या तोंडावरचा," उघड्या दारातून रुवैदा म्हणाली. "मी कुठे जात नाही."

हात खाली आला. नायेफने पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेजारच्या बाकांवरची अनोळखी माणसंही ऐकत होती. ऐकून झाल्यावर काकाने एवढंच विचारलं, "आणि हे सगळं माहीत असून ती आत बसलीय?"

नायेफने मान डोलावली. काका उठला, आत लेकीकडे गेला आणि त्याने दार लावून घेतलं.